मंदी आणि अन्नपाननिरोध

दुकानाच्या गल्ल्यात दहा टक्क्यांची घट आली, तर व्यापारी तिची चर्चा शेजाऱ्याशी चहा घेताना करतो आणि पुढच्या सणाकडे डोळे लावून बसतो. हीच दहा टक्क्यांची घट यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यापर्यंत पोहोचते, तेव्हा तिचे रूप पार पालटलेले असते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. एखाद्या कापड गिरणीत १०० माग आहेत आणि दरवर्षी त्यांतील १० झिजून निकामी होतात. नेहमीच्या वर्षी गिरणीमालक १० नवे माग घेतो. एका वर्षी कापडाची मागणी दहा टक्क्यांनी उतरली. आता ९० मागांवर काम भागते. म्हणजे झिजलेल्या दहांच्या जागी नवे घेण्याचे कारणच उरत नाही. कापडवाल्याच्या चोपडीत घट दहा टक्क्यांची; माग बनविणाऱ्याच्या चोपडीत त्या वर्षी मागणी शून्य. पुढच्या वर्षी कापडाचा बाजार पूर्ववत झाला आणि आणखी १० माग झिजले, तर चालू माग उरतात ८० आणि हवे असतात १००. म्हणजे एकदम २० मागांची मागणी. दहा, शून्य, वीस असा हा प्रवास. शून्याच्या वर्षी ज्या कारागिरांना घरी पाठविले, त्यांच्या दुप्पट माणसांची गरज बारा महिन्यांनी पडते.

प्रत्यक्षात चढउतार इतका नाट्यमय क्वचितच असतो, पण दिशा हीच असते. पंप, कॉम्प्रेसर, वेल्डिंग यंत्रे, साखर कारखान्यांची सामग्री, छपाईची व वेष्टनाची यंत्रे ही सारी अशी खरेदी आहे, जी पुढे ढकलता येते. माणूस धान्य पुढे ढकलू शकत नाही, औषध पुढे ढकलू शकत नाही. नवे यंत्र मात्र ‘जुन्यावर आणखी एक वर्ष काढू’ म्हणून सहज पुढे ढकलतो. त्यामुळे अर्थव्यवस्थेला जरा सर्दी झाली, की यंत्रकारखान्याला ताप भरतो, आणि त्या कारखान्याला ओतकाम किंवा सुटे भाग पुरविणाऱ्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कुपवाड वा भोसरीच्या लहान युनिटला त्याहून अधिक.

समाजातील अनेक कुटुंबांचा या साखळीशी निकटचा संबंध आहे. कोणाची कोल्हापूर-सांगलीकडे फौंड्री किंवा मशीनशॉप आहे, कोणाची मुंबईच्या नागदेवी रस्त्यावर बेअरिंग व हत्यारांची पेढी आहे, कोणाचा लोखंडाचा घाऊक व्यापार आहे. मागणी आटली, की या सर्वांच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर एकच प्रश्न चर्चेला येतो : माणसे किती कमी करायची?

हा प्रश्न सहसा हिशेबाचा म्हणून विचारला जातो. जैन श्रावकाच्या आचारसंहितेत मात्र त्याची नोंद निराळ्या ठिकाणी आहे. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. पहिल्या म्हणजे अहिंसाणुव्रताचे पाच : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. श्वेतांबर परंपरेत आवश्यकसूत्रांच्या पठणात येणारा ‘भत्तपाणवोच्छेद’ तो हाच. आपल्यावर अवलंबून असलेल्या जिवाचे अन्नपाणी तोडणे, हा त्याचा सरळ अर्थ. पाठशाळेत हे अतिचार शिकविताना उदाहरण बहुधा बैलाचे किंवा गायीचे दिले जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपल्या घरी आता बैलही नाही, गायही नाही. हा अतिचार आपल्याला लागायचा नाही. पण अवलंबून असलेला जीव म्हणजे केवळ मुके जनावर नव्हे. ज्याचे घर दर महिन्याच्या सात तारखेकडे पाहत असते, तो कामगारही त्यात आलाच.

याचा अर्थ असा नव्हे, की एकही माणूस कधीच कमी करू नये. श्रावकाला उद्योगी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनीही मान्य केले आहे. प्रश्न इतकाच, की कपात हा पहिला उपाय आहे की अखेरचा. आणि ती करण्यापूर्वी मालकाने स्वतःचे काय कमी केले.

क्लीव्हलंडचा कारखाना

या प्रश्नाचे एक दीर्घकाळ टिकलेले उत्तर अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहरालगत पाहायला मिळते. लिंकन इलेक्ट्रिक ही वेल्डिंगची यंत्रे व साहित्य बनविणारी कंपनी. जॉन लिंकन यांनी ती १८९५ मध्ये अवघ्या २०० डॉलरच्या भांडवलावर विजेच्या मोटारी बनविण्यासाठी सुरू केली. त्यांचे धाकटे बंधू जेम्स लिंकन यांनी १९१४ पासून कारभार हाती घेतला आणि पहिल्याच वर्षी कामगारांच्या निवडलेल्या प्रतिनिधींचे सल्लागार मंडळ नेमले. हे बंधू एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे पुत्र. कामगाराशी वागण्याचा आपला नियम जेम्स लिंकन बायबलमधील उपदेशातून घेत असत आणि तसे उघडपणे लिहीत असत. व्यवहार आणि धर्म यांची खाती वेगळी ठेवावीत, असे मानणाऱ्यांना हे चमत्कारिक वाटेल. परंतु हा कारखाना आपल्या क्षेत्रात जगातील अग्रगण्यांपैकी एक झाला.

१९४८ नंतर तेथे काम नाही या कारणाने कायम कामगाराला घरी पाठविले गेले नाही, आणि १९५८ मध्ये या प्रथेला लेखी हमीचे रूप देण्यात आले. ठरावीक सेवा पूर्ण केलेल्या (पुढे ही मुदत तीन वर्षांची झाली) प्रत्येक कामगाराला आठवड्यात किमान ३० तासांचे काम मिळेलच, अशी ती हमी. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. हमी चाळीस तासांची नाही, तीस तासांची आहे. म्हणजे मंदीचा भार कामगारानेही उचलायचा. फक्त तो दहा जणांच्या डोक्यावर संपूर्ण न टाकता चाळीस जणांत वाटायचा.

बदल्यात कामगाराने काय द्यायचे, तेही ठरलेले. कंपनी देईल ते काम करायचे, मग ते आपल्या नेहमीच्या हातखंड्याचे असो वा नसो. तेजीत जादा तास काम करावे लागेल. तेथे नकार चालत नाही. मजुरी बहुतांशी नगावर. आजारपणाची पगारी रजा नाही. वर्षातून दोनदा प्रत्येकाच्या कामाचे गुणांकन, आणि त्यावर वर्षअखेरीचा बोनस. तो चांगल्या वर्षांत जवळजवळ वर्षाच्या मजुरीइतका होत असे. कंपनीला ही हमी मागे घ्यायची असेल, तर सहा महिने आधी कळवावे लागते. एकूण व्यवस्था मायाळू नाही. किंबहुना बरीच कठोर आहे, आणि सर्वांना ती मानवत नाही. नवे आलेले बरेच जण सुरुवातीलाच सोडून जात असत. दयेपोटी माणसे सांभाळणारा हा कारखाना नव्हे. दोन्ही बाजूंनी पाळायचा तो एक करार आहे.

या कराराची मोठी कसोटी १९८२-८३ मध्ये लागली. अमेरिकेत त्या मंदीत बेकारी १० टक्क्यांच्या वर गेली. बुलडोझर बनविणारी कॅटरपिलर ही बलाढ्य कंपनी १९८२ ते १९८४ या तीन वर्षांत मिळून जवळजवळ एक अब्ज डॉलरच्या तोट्यात गेली, आणि तेथे हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. लिंकनची विक्रीही सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. लोखंड जोडायचे कामच थांबले, तर वेल्डिंगचे यंत्र घेणार कोण?

कारखान्याने आठवडा ३० तासांवर आणला. काही कामगारांना रंगकाम, डागडुजी अशी कामे दिली. आणि मग व्यवस्थापनाने एक वेगळाच प्रयोग केला. विक्रीच्या कामासाठी कारखान्यातल्या यंत्रांवर काम करणाऱ्यांतून स्वयंसेवक मागितले. पन्नासहून अधिक कामगार पुढे आले. त्यांना थोडके प्रशिक्षण देऊन देशभर पाठविण्यात आले. मोटारींचे सांगाडे दुरुस्त करणाऱ्या लहान गॅरेजांना उपयोगी पडेल असे एक छोटे वेल्डिंग यंत्र त्यांना विकायचे होते. या ग्राहकांकडे कंपनीचे नेहमीचे विक्रेते फारसे फिरकत नसत. ते यंत्र ज्याने स्वतःच्या हाताने जोडले, तोच माणूस गॅरेजवाल्यापुढे उभा राहून ते चालवून दाखवत होता. पहिल्या वर्षी त्यांनी सुमारे एक कोटी डॉलरचा माल विकला, आणि त्या यंत्राला एक नवी बाजारपेठ मिळाली.

व्यापारी घराण्यातील वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. ज्या पेढीवर वखारीतला हमाल अडचणीच्या दिवसांत उगराणीला जातो आणि मुनीम गरज पडली तर माल मोजायला बसतो, ती पेढी याच पद्धतीने चालते. लिंकनने ते हजारो माणसांच्या कारखान्यात करून दाखविले, इतकेच.

त्यानंतरची गोष्ट मात्र तितकी उजळ नाही, आणि तीही सांगितली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने युरोप, लॅटिन अमेरिका व जपानमध्ये भराभर कारखाने घेतले व उभारले. त्यांचा कारभार तिला झेपला नाही, आणि १९९२ व १९९३ या दोन वर्षांत कंपनीला तिच्या इतिहासातील पहिले तोटे सोसावे लागले. परदेशांतील अनेक कारखाने बंद करावे लागले आणि तेथील माणसांच्या नोकऱ्या गेल्या; त्यांना क्लीव्हलंडसारखी हमी नव्हती. १९९२ च्या अखेरीस अमेरिकेतील कामगारांचा बोनस देण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कंपनीने कर्ज काढून तो दिला. पुढच्या वर्षी उत्पादन वाढविण्याची निकड आली, तेव्हा त्याच कामगारांनी आपल्या सुट्यांचे शेकडो आठवडे पुढे ढकलले आणि काही जण महिनोन्‌महिने सातही दिवस कामावर येत राहिले. आधी दिलेल्या शब्दाची ती परतफेड होती. ज्यांना असा शब्द कधी दिलाच गेला नव्हता, त्या परदेशी कामगारांच्या वाट्याला ती संधीच आली नाही.

२००८-०९ च्या जागतिक मंदीतही क्लीव्हलंडमध्ये तास कमी झाले, काहींनी मोबदला घेऊन स्वेच्छेने नोकरी सोडली. पण हमी मोडली गेली नाही.

चार आठवडे

त्याच मंदीत मिसुरी राज्यातील सेंट लुईस येथील बॅरी-वेहमिलर या कंपनीपुढेही हा प्रश्न उभा राहिला. ही कंपनी प्रामुख्याने वेष्टनाची यंत्रे बनविते. २००९ च्या प्रारंभी मागणी एकाएकी आटली आणि सुमारे एक कोटी डॉलरची बचत करणे भाग पडले. संचालक मंडळात कपातीची चर्चा झाली. प्रमुख रॉबर्ट चॅपमन यांनी ती नाकारली आणि निराळी योजना मांडली : कंपनीतील प्रत्येकाने, अगदी वरपासून खालपर्यंत, त्या वर्षात चार आठवड्यांची बिनपगारी रजा घ्यायची. ती सलग असण्याची गरज नाही, ज्याला जेव्हा सोयीची तेव्हा. कंपनीने निवृत्तिवेतन खात्यात घालावयाचा आपला हिस्सा काही काळ थांबविला. स्वतः चॅपमन यांनी आपले वार्षिक वेतन १०,५०० डॉलरवर आणले.

पुढे जे घडले, ते कोणत्याही परिपत्रकात नव्हते. ज्यांना चार आठवड्यांची मजुरी बुडणे परवडत होते, त्यांच्यातील काहींनी पाच-सहा आठवडे रजा घेतली, म्हणजे ज्या सहकाऱ्याला तीही परवडत नव्हती त्याची रजा कमी व्हावी. मागणी परतल्यावर कंपनीने थांबविलेला हिस्सा मागील काळासह भरून दिला.

तीस तास किंवा चार आठवडे हे आकडे नक्कल करण्यासाठी नाहीत. अमेरिकेतील कुशल कामगाराची मजुरी मुळात इतकी होती, की तिच्यातून चतुर्थांश गेला तरी घर चालत होते. महाराष्ट्रातील फौंड्रीत मोल्डरचे काम करणाऱ्याच्या हातात तेवढी फट नसते. म्हणून येथला हिशेब येथल्या आकड्यांवरच करून पाहिला पाहिजे.

चाळीस माणसांचे युनिट

समजा, एका युनिटमध्ये ४० कायम कामगार आहेत. सोपेपणासाठी प्रत्येकाचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून महिन्याला १८,००० रुपये आणि सेवा सहा वर्षे धरू. मागणी चतुर्थांशाने घटली. मालक मनाशी म्हणतो, दहा माणसे कमी केली, की महिन्याला १,८०,००० रुपये वाचतील.

ते लगेच वाचत नाहीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत, वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची सूचना किंवा तिच्या बदल्यात वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. म्हणजे १८,००० अधिक ५४,०००. सेवा पाच वर्षांवर असल्याने ग्रॅच्युइटीही देय होते. तिचा हिशेब २६ दिवसांच्या महिन्यावर होतो, तो सुमारे ६२,३०० रुपये. एका माणसामागे रोख साधारण १,३४,००० रुपये. दहा माणसांमागे साडेतेरा लाखांच्या आसपास. संहितेतील पुनर्कौशल्य निधीची रक्कम वेगळीच. महिना १,८०,००० रुपयांच्या बचतीतून हे पैसे भरून निघायला साडेसात महिने लागतात. ग्रॅच्युइटी कधी ना कधी द्यावीच लागली असती हे खरे, पण ती नेमकी अशा वेळी द्यावी लागते, जेव्हा बँकेची कॅश-क्रेडिटची मर्यादा गळ्याशी आलेली असते. मंदी आठ-दहा महिन्यांची असेल, तर हाती काय उरले? फार तर अर्ध्या ते अडीच महिन्यांची बचत, आणि मागणी परतल्यावर नव्या माणसांचे बिघडलेले साचे.

हा शेवटचा खर्च कोणत्याही खतावणीत दिसत नाही. वाळूत ओल किती हवी, हे मुठीत धरून सांगणारा मोल्डर तयार व्हायला वर्षे लागतात. तो एकदा दुसऱ्या वसाहतीत गेला किंवा गावी शेती करू लागला, की परत येईलच असे नाही. त्याच्या जागी आलेला नवखा माणूस महिनोन्‌महिने ओतीव मालात पोकळी ठेवतो आणि गिऱ्हाईक माल परत पाठविते.

आता दुसरी वाट. चाळीसही जणांनी चार दिवसांच्या कामाच्या जागी तीन दिवसांचे काम घ्यावे, म्हणजेच आठवड्याचे तास चतुर्थांशाने कमी व्हावेत. प्रत्येकाच्या हाती १८,००० ऐवजी १३,५०० येतील. बचत तितकीच, महिना १,८०,००० रुपये, आणि पहिल्याच महिन्यापासून. हे एकतर्फी करता येत नाही. कामगारांशी बोलून, लेखी समझोता करूनच करता येते, आणि किमान वेतनाचे बंधन त्यातही असतेच. शिवाय ४,५०० रुपये ही कामगाराच्या घरी क्षुल्लक रक्कम नव्हे. जूनमध्ये शाळेची फी असते, दुचाकीचा हप्ता असतो. म्हणूनच या वाटेचा आरंभ कामगारापासून होऊ शकत नाही. मालकाच्या घरखर्चासाठी पेढीतून उचल किती होते, नव्या गाडीचे बुकिंग रद्द झाले का, घरातील लग्न तीन दिवसांचे होणार की एका दिवसाचे, हे कारखान्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. कोणी सांगावे लागत नाही. परिग्रहपरिमाण व्रत घेणारा श्रावक चांगल्या वर्षीच आपली मर्यादा आखून ठेवतो. त्या मर्यादेपलीकडे जे उरले, ते धंद्यातच राखीव राहिले, तर मंदीचे सहा महिने त्यावर निघतात. लिंकनच्या व्यवस्थेचे मर्मही तेच आहे. तेजीत तेथे माणसे भराभर वाढविली जात नाहीत, असलेल्यांकडून जादा तास करून घेतले जातात. मंदीतील कपात बहुतेक वेळा तेजीतील अविचारी भरतीत जन्मलेली असते.

या हिशेबात एक गट आलाच नाही, आणि प्रत्यक्षातही तो कोणाच्या हिशेबात येत नाही. २०१९ मध्ये वाहनांची मागणी ढासळली, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी ‘ब्लॉक क्लोजर’चे दिवस जाहीर केले. त्यांच्या कायम कामगारांची नावे हजेरीपटावर राहिली. पण सुटे भाग पुरविणाऱ्या युनिटांतील कंत्राटी माणसे, ज्यांची नावे ठेकेदाराच्या वहीत असतात, ती एका निरोपावर थांबली. त्यांना सूचना नाही, भरपाई नाही. ‘आमच्याकडे एकही माणूस कमी केला नाही’ असे म्हणणाऱ्या कारखानदाराने ठेकेदाराच्या वहीकडे एकदा पाहावे. अन्नपाननिरोधात मध्यस्थ ठेवल्याने अतिचार टळतो, असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही.

साधर्मिक वात्सल्य ही समाजाची जुनी आणि सुंदर परंपरा आहे. मंदीत अडचणीत आलेल्या जैन कुटुंबाला संघ, ट्रस्ट, नातलग हात देतात. फौंड्रीतील बहुतेक कामगार मात्र साधर्मिक नसतात. त्यांच्यासाठी संघाचा निधी नाही. परंतु पहिल्या अणुव्रताच्या अतिचारात कोणत्याही धर्माचा उल्लेख नाही. तेथे फक्त अवलंबून असलेला जीव आहे.

बिल कोणाच्या टेबलावर आहे?

कारखाना नसलेल्या, केवळ व्यापार करणाऱ्या वाचकाला येथवर वाटले असेल, की हा विषय आपला नाही. लहान युनिटमध्ये माणसे कमी होण्याचे कारण पुष्कळदा मागणी नसते, थकलेली उधारी असते. माल गेला आहे, बिल गेले आहे, पण पैसे नव्वद दिवस, एकशेवीस दिवस आलेले नाहीत, आणि पगाराची तारीख तर दर महिन्याला येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लहान उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, देणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेल्या कर निर्धारण वर्षापासून प्राप्तिकराच्या कलम ४३ब मध्ये भर पडली. सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे या मुदतीपलीकडे थकविले, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीस मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळतो.

ही तरतूद आली, तेव्हा बाजारात तिच्यावर बरीच नाराजी होती. पुरवठादाराला मध्यम उद्योगात किंवा नोंदणी नसलेल्यांत शोधण्याच्या युक्त्याही निघाल्या. त्या युक्त्यांत जितकी बुद्धी खर्च झाली, तितकी पैसे वेळेवर देण्यात झाली असती, तर कित्येक कारखान्यांतील दोन-चार माणसे कामावर राहिली असती. मंदीत उधारी लांबविणे हे व्यापाऱ्याला शहाणपणाचे वाटते. साखळीच्या टोकाला तेच अन्न तोडणे ठरते. पेढीच्या टेबलावर दाबून ठेवलेले एक बिल म्हणजे कोठेतरी एका मोल्डरचा पगार असतो.

कपात टळतच नसेल, तेव्हा

काम वाटून घेण्याची वाट मंदीत चालते, कारण मंदी सरते. जो मालच जगाला नकोसा झाला, त्याला हा उपाय नाही. टाइपरायटर बनविणाऱ्यांनी तास कितीही कमी केले असते, तरी गिऱ्हाईक परतले नसते. आपली घट कोणत्या जातीची आहे, हे ओळखणे मालकाचे पहिले काम. ती कायमची असेल, तर कामगाराला आशेवर ठेवून महिने काढणे हा त्याच्यावर दुहेरी अन्याय होतो. त्याला दुसरे काम शोधायला जो वेळ हवा, तोच निघून जातो.

अशा वेळी लवकर आणि स्पष्ट सांगावे. कमी केल्याचे पत्र फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हातून दिले जाते, असे घडते. ते ज्याने नोकरीवर घेतले, त्याने स्वतः समोर बसवून द्यावे. देणी त्याच दिवशी चुकती करावीत. कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखाली, किमान दोन वर्षे वर्गणी भरलेल्या व छाटणीमुळे बेकार झालेल्या विमाधारकास पहिल्या १२ महिन्यांत सरासरी वेतनाच्या ५० टक्के व पुढील १२ महिन्यांत २५ टक्के भत्ता मिळू शकतो, आणि कुटुंबाची वैद्यकीय सोयही त्या काळात चालू राहते. अनेक कामगारांना हे ठाऊक नसते, कारण कचेरीतून कोणी सांगितलेले नसते. अर्ज कारखान्याच्या लेखनिकानेच भरून दिला, तर एका दुपारचे काम आहे. व्यापारी समाजाजवळ आणखी एक गोष्ट असते, जी सरकारी योजनेत नाही : ओळखी. नागदेवीहून भोसरीला केलेल्या एका दूरध्वनीने चांगल्या टर्नरला आठवडाभरात जागा मिळते, हे अनेकांनी अनुभवले आहे.

कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जी सहसा विसरली जाते. त्याच युनिटमध्ये पुन्हा भरती निघाली, तर कमी केलेल्या कामगारांना आधी बोलवावे लागते. त्यासाठी त्यांच्या नावांची यादी हवी. यादीत गावाचा पत्ता हवा, दूरध्वनीचा क्रमांक हवा, आणि तो बदलला तर कोणाकडून कळेल, त्या शेजाऱ्याचे किंवा मेहुण्याचे नावही हवे. दिवाळीला वहीपूजनाच्या दिवशी नव्या चोपड्या आणल्या जातात. त्यांतलीच एक लहानशी वही या यादीला पुरते.